तीनशे अडतीसचा मऊ दणका

मी एक गादी आहे, पण माझ्यावर आजवर कुणी बसलेलं नाही की झोपलेलं नाही. माझी जागा शिकारीच्या बंदुकीच्या दस्त्यावर, अगदी टोकाला. आतून रबर, बाहेरून तपकिरी चामडं. पायात मोजा चढवावा तशी मी कुठल्याही बंदुकीवर चढते. बार उडाला की बंदूक मागे येते, आणि तिच्या नि माणसाच्या खांद्याच्या मध्ये मी सापडते. दोन्हीकडून मार खाणं हेच माझं काम, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. माझ्या नावावर एक खोटं खपवलं गेलं. तेही माझ्यादेखत, आणि ज्याच्या खांद्यासाठी मला आणलं त्याच्याशीच. मला जीभ असती तर मी पहिल्याच दिवशी बोलले असते.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून गरम गरम बाहेर पडले, कुणीतरी चामडं शिवलं, आणि तिथून अमेरिकेत मोंटानातल्या डीअर फोर्क या गावच्या दुकानात आले. एका बाजूला मासे धरायचे गळ, दुसऱ्या बाजूला लोकरीचे हातमोजे, मध्ये खिळ्याला लटकलेली मी. येणारा जाणारा मला अंगठ्याने दाबून बघायचा आणि पुढे जायचा.

एके दिवशी मार्नी ओस्टबी आली. साठी उलटलेली, ताठ कण्याची बाई. तिनेही मला दाबून बघितलं, पण पीच पिकलंय का बघावं तसं, काळजीने. दुकानदाराला विचारलं, हिच्यानं दणका कितीसा कमी होतो? तो माणूस सरळ होता. म्हणाला, "बाई, दणका काडतुसात असतो. गोळी जड, दारू जास्त, की बंदूक जोरात मागे येणार. ही बिचारी तो जरासा पसरवते, एवढंच. नाहीसा करत नाही." त्या दिवशी माझ्याबद्दल कुणीतरी खरं बोललं. पुढे फार दिवस तसं झालं नाही.

मार्नीचा नवरा वेंडेल. जन्मभर नालबंद. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन वाकून वाकून त्याची पाठ गेली होती, आणि त्या वसंतात उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की मोठी बंदूक आता बंद. अगदीच राहवलं नाही तर एखादं छोटं काडतूस चालवा, पण ती तीनशे अडतीस मॅग्नम काडतुसाची बंदूक विसरा.

आता वेंडेलला हे सांगायचं कुणी? ती तीनशे अडतीस म्हणजे त्याचा जीव की प्राण. गावच्या कॅफेत बसून त्याने तीस वर्षं बाकीच्या काडतुसांची टिंगल केली होती. सात मिलिमीटर मॅग्नमवाल्यांना तो म्हणायचा, "तुमची बंदूक खांद्याला गुदगुल्या करते." तीनशे मॅग्नमबद्दल म्हणायचा, काडतूस बरं आहे पण भारी तोंडाळ, आवाजच जास्त. अशा माणसाने छोटी बंदूक घेऊन त्याच कॅफेत जायचं म्हणजे सगळ्यांना फुकटची करमणूक.

त्याची एक गोष्ट मात्र नुसती बढाई नव्हती. जखमी जनावर त्याने कधी डोंगरात सोडलं नव्हतं. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबरच. पण वेंडेलच्या एका गोळीत ते जागेवर बसायचं. नेमाची खात्री नसली तर तो चाप ओढायचाच नाही, रिकाम्या हाताने परत यायचा. हा त्याचा धर्मच होता म्हणा.

मार्नीने मला त्याच्या बंदुकीवर चढवलं तेव्हा तो फुरंगटला. "आता काय, खोगिरावर उशी टाकून बसू का?" म्हणाला. पण बायकोने हौसेने आणलेली वस्तू, म्हणून राहू दिलं. मला तो तेव्हाच आवडला. चामड्याला तेल लावताना त्याचा हात घोड्याच्या मानेवरून फिरावा तसा फिरायचा.

वेंडेलचा मित्र क्लेटन पर्डी. दोघं एकाच बाकावर शिकले, शिकारीलाही कायम बरोबरच. वेंडेल क्लेटनच्या घोड्यांना नाल ठोकायचा, आणि क्लेटन दोघांची काडतुसं घरी भरायचा. रिकामं पितळ धुवायचं, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. मोठं नाजूक काम. आपल्या हनुवटीखाली जे फुटणार ते दुसऱ्याच्या हातून भरून घ्यायचं, म्हणजे त्या माणसावर केवढा विश्वास हवा! इकडचे लोक आपल्या सख्ख्या भावाचंही भरलेलं काडतूस सहसा वापरत नाहीत. वेंडेल मात्र क्लेटनचं डोळे मिटून घ्यायचा.

हंगामाआधी बंदूक जुळवायला म्हणून क्लेटनच्या गॅरेजात ठेवली होती. मी अर्थातच तिच्यावर होते. मार्नी हकलबेरीची रानफळं भरून भाजलेली गोड पोळी घेऊन आली, ती कामाच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच बोलायला लागली. वेंडेल ऐकत नाही, म्हणाली. खांदा पुन्हा फाटला तर परत जोडता येणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. तू त्याची काडतुसं हलकी भर. गोळी हलकी घाल, दारू कमी घाल. त्याला काही बोलू नकोस.

क्लेटनने हातातलं पितळ खाली ठेवलं. "अगं, वेडी का काय तू? त्याला पहिल्याच बाराला कळेल. त्या काडतुसाचा दणका त्याच्या हाडात बसलाय."

"कळणार नाही," मार्नी म्हणाली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. "ही नवीन गादी आहे ना. हिच्या नावावर घाल."

क्लेटन हसला. मला वाटलं नाही म्हणेल. पण ती पोळी खाता खाता त्याने मान डोलावली, आणि मार्नीने त्याच्याकडून शपथ घेतली की वेंडेलला हे कधी सांगायचं नाही. त्याने तशी काडतुसं भरली, बंदुकीवरची दुर्बीणही त्यांच्याप्रमाणे शंभर यार्डांवर जुळवून ठेवली. मी तिथेच होते, पण गादीला कोण विचारतो?

हंगामाच्या आधी एका शनिवारी गावच्या नेमबाजीच्या मैदानावर सगळे आपापल्या बंदुका तपासायला जमतात. मोठ्या पातेल्यात राजमा-खिम्याची तिखट चिली शिजत असते, कॉफीचे थर्मास फिरत असतात, आणि कुणाचं काडतूस जास्त मारतं यावर रणं पेटतात. त्या दिवशी मी या बंदुकीवरून त्या बंदुकीवर फिरले. ज्याला त्याला वेंडेलची नवी गादी लावून बघायची होती.

म्हणून मी जे सांगते ते ऐकीव नाही. सात मिलिमीटरचा धक्का पटकन येतो आणि पटकन जातो. कुणी पाठीवर जोरात थाप मारावी तसा. तीनशेचा टोकदार, सणसणीत, गालाच्या हाडापर्यंत कळ नेणारा. एका तरुणाकडे डोंगरात वाहायला म्हणून घेतलेली पिसासारखी हलकी तीनशे होती. तिने तर मला चेपून कागद केलं, कारण बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. आणि तीनशे अडतीस? मारकुट्या बैलाने ढुशी द्यावी तशी ती येते, असं सगळेच म्हणत होते. क्लेटनची तीनशे आणि वेंडेलची तीनशे अडतीस वजनाला सारख्याच. तेव्हा वेंडेलची जास्त लागायला हवी.

ती कमी लागली. सात मिलिमीटरपेक्षाही कमी.

वेंडेलने पहिला बार काढला, थांबला, माझ्याकडे वळून बघितलं. पुन्हा एक काढला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मला लाजल्यासारखं झालं. "क्लेटन, अरे ही गादी आहे का जादू! खांद्याला पत्ताच नाही. आण तुझी तोंडाळ तीनशे, बघू कोण रडतंय." लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. कुणी म्हणालं, ऑपरेशनने तुझा खांदा लोखंडी झाला. कुणी म्हणालं, आता हत्तीची बंदूक घे.

तो निशाणाचा कागद बघायला लांब चालत गेला, आणि इकडे क्लेटनने सगळ्यांना सांगून टाकलं. त्याने शपथ मोडली नाही. फक्त वेंडेलला तेवढं सांगितलं नाही. सगळे खाली बघून हसले. वेंडेल परत आला तेव्हा प्रत्येकाने माझीच तारीफ केली.

त्याच दिवशी नेहमीचा खेळही झाला. नवख्या नेमबाजाला मुद्दाम दुसऱ्याने बंदूक भरून द्यायची, आत काडतूस आहे की नाही ते सांगायचं नाही. रिकाम्या नळीवर चाप ओढताना खांदा उडाला, की समजायचं हा दणक्याला घाबरतो. वेंडेलने एका नवख्याला असंच पकडलं आणि मग प्रेमाने समजावलं, "दणका वाईट नसतो रे. काय येणार ते ठाऊक असलं की खांदा आपोआप तयार होतो." क्लेटन शेजारीच उभा होता. कॉफी पीत होता.

नोव्हेंबरात ते दोघं डोंगरात गेले. पहिल्या बर्फात, एका खोलगट कुरणाच्या पलीकडच्या उतारावर, मोठा नर उभा होता. लांब होता, पण वेंडेलने त्याहून लांबून मारलेले. इतक्या अंतरावर आपल्या काडतुसाची गोळी किती खाली येते हे त्याला पाठ होतं. तो आडवा झाला, पाठीच्या रेघेवर नेम धरला, आणि कुजबुजला, "पाठीवर धरतो. बरोबर ना?"

हलकं काडतूस त्या अंतरावर कितीतरी जास्त खाली येणार होतं. मला हे माहीत नव्हतं. मला फक्त खांद्यातलं कळतं. पण क्लेटनला माहीत होतं. दारू त्याने स्वतः तोलली होती. तरी तो म्हणाला, "बरोबर."

गोळी खाली लागली. पुढचा पाय मोडला. तो नर तीन पायांवर झाडीत शिरला, आणि मागे रक्ताचे थेंब पडत गेले. वेंडेलने अंधार पडेपर्यंत माग काढला, दुसऱ्या दिवशी काढला, तिसऱ्या दिवशी बर्फाने सगळंच पुसलं. तो एका ओंडक्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या गुडघ्याला टेकले होते.

क्लेटनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वय झालं रे, वेंडेल. डोळे पूर्वीसारखे राहत नाहीत. व्हायचंच ते."

वेंडेलने ते मानलं. एवढं मला कशाने लागलं नाही. आयुष्यभर ज्या डोळ्यांवर त्याने भरवसा ठेवला, ते त्याने मित्राच्या एका वाक्यावर मोडीत काढले.

त्यानंतर बंदूक कपाटात गेली आणि तिच्याबरोबर मीही. हिवाळाभर वेंडेल कॅफेत गेला नाही. खिडकीशी बसून पलीकडचा डोंगर बघायचा. एकदा मार्नीला म्हणाला, ते जनावर अजून जिवंत असेल का गं? ती म्हणाली, कोल्ह्यांनी केव्हाच संपवलं असेल, नको विचार करूस. खरं मात्र सांगितलं नाही. खांदा शाबूत होता, तिला तेवढं पुरेसं होतं.

बर्फ वितळल्यावर चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला द्यायला म्हणून वेंडेलने आपला शिकारीचा जुना कोट काढला. आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेली दोन काडतुसं निघाली. क्लेटननेच भरलेली, पण ऑपरेशनच्या आधीच्या सालातली. वेंडेलने ती हातात खेळवली. मग कपाट उघडलं. बंदूक विकायचीच आहे, तर तिचा शेवटचा बार काढून येतो, असं मार्नीला सांगून निघाला. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. कुठली काडतुसं, ते तिने विचारलं नाही.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. त्याने जुनं काडतूस भरलं, मला खांद्यात घेतलं आणि चाप ओढला.

देवा! तो खरा तीनशे अडतीसचा दणका. मी सबंध दबले, तरी माझ्यातून पार होऊन तो त्याच्या खांद्यात शिरला. वेंडेल कळवळला. बंदूक टेबलावर ठेवून खांदा धरून बसला. मला वाटलं, आता मला शिव्या देणार. पण तो खाली पडलेल्या पितळाकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हंगामातल्या डबीतलं एक काडतूस काढलं, भरलं, उडवलं. मऊ दणका. तीच बंदूक, तीच गादी, तोच खांदा.

त्याने मला दस्त्यावरून ओढून काढलं, उलटंपालटं केलं, आत बघितलं. मग पुन्हा चढवलं. "म्हणजे तू नव्हतीस तर," एवढंच म्हणाला.

तो थेट क्लेटनकडे गेला. गॅरेजच्या मागे मातीचा बांध आहे, तिथे क्लेटन काडतुसं तपासतो. वेंडेलने उरलेलं जुनं काडतूस आणि एक नवीन असं दोन्ही त्याच्यासमोर धरलं. म्हणाला, आपण लहानपणी खेळायचो तसं खेळू. मी भरतो, तू मार, आणि कुठलं होतं ते सांग. क्लेटनने त्या काडतुसांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण नाही म्हणता येईना. वेंडेलने पाठ फिरवून बंदूक बंद केली आणि त्याच्या हातात दिली.

क्लेटनने मला खांद्याला लावलं. त्याचा खांदा दगडासारखा आवळला होता. त्याने डोळे मिटले आणि चाप ओढला.

खट्.

नळी रिकामी होती. पण क्लेटनचा खांदा असा उडाला की बंदूक आभाळाकडे गेली.

"दचकलास का?" वेंडेलने विचारलं. "हलकं काडतूस तर तूच भरलंस."

"तू कुठलं घातलंस ते मला काय माहीत?"

"मलाही माहीत नव्हतं, क्लेटन."

क्लेटन माझ्या चामड्यावरून उगाच बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, मार्नीने शपथ घातली होती. तुझ्या खांद्यासाठीच केलं सगळं.

"मार्नीने दारू कमी घालायला सांगितली, हे समजलं," वेंडेल म्हणाला. "मी नेम धरून तुला विचारलं, तेव्हा बरोबर म्हणायला कुणी सांगितलं होतं? आणि वय झालं म्हणालास, तेही मार्नीने सांगितलं होतं का?"

क्लेटनने बंदूक त्याच्याकडे परत दिली. वेंडेलने जुनं काडतूस त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवलं, "ठेव, तुझंच आहे," म्हणाला आणि मला घेऊन निघाला. त्यानंतर क्लेटनच्या घोड्यांना दुसऱ्या गावचा नालबंद येतो असं मी ऐकते.

घरी मार्नी बटाटे सोलत होती. वेंडेलने मला काढलं आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. ती समजली. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तू ऐकला नसतास. मी सांगून बघितलं होतं. तुझा खांदा तर वाचला ना?"

"खांदा माझा होता, मार्नी." तो ओरडला नाही. "म्हातारा झालास असं तोंडावर सांगितलं असतंस, तर मी आठवडाभर आदळआपट केली असती. मग घेतली असती छोटी बंदूक. हसले असते लोक चार दिवस. आता ते जनावर मी कुठून आणू?"

ती रडली. त्याने तिच्या हातातला बटाटा घेतला आणि सोलायला लागला. ते अजूनही एकाच छपराखाली राहतात, एकाच टेबलावर जेवतात. पण तिने कॉफीत साखर घातली का, हेही तो आता आधी विचारतो. तिच्या मनाला ते लागतं, मला दिसतं.

यंदाच्या हंगामात तो एक साधी, लहान बंदूक घेऊन उघडपणे कॅफेत गेला. काडतुसं स्वतः भरतो, आणि जनावर हाकेच्या अंतरावर आलं तरच मारतो. त्या बंदुकीला माझी गरज नाही.

मी स्वयंपाकघरातल्या खणात असते; दोऱ्याची रिळं, वाढदिवसाच्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या यांच्यात. चामडं सुरकुतलंय. माझ्या पोटात वेंडेलने त्या दिवशीची दोन रिकामी पितळं ठेवली आहेत, एक खऱ्या काडतुसाचं, एक मऊ काडतुसाचं. तुम्ही कुणी मला पुन्हा एखाद्या बंदुकीवर चढवणार असाल तर जरूर चढवा, मार खायला मी तयार आहे. फक्त आत काय भरलंय ते खांदा लावणाऱ्याला आधी सांगा. आणि सांगायचं नसेल, तर निदान माझं नाव पुढे करू नका.

वेंडेल डोंगरात गेला की कधीकधी मार्नी खण उघडते. ती दोन्ही पितळं बाहेर काढते, खिडकीच्या उजेडात धरते, पुन्हा पुन्हा फिरवून बघते. खरं कुठलं आणि मऊ कुठलं, तिला ओळखू येत नाही. मग दोन्ही माझ्यात परत ठेवते आणि खण हळूच लावून घेते.